खंडेनवमीचा हार

कोल्हापूर
५ सप्टेंबर २०२५

ती. पिराजीमामा,

नमस्कार. तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "व्हय व्हय, पाऊस बरा झाला" म्हणून ठेवून दिलात. मी पावसाचं विचारत नव्हते. कानाचं मशीन अजून डब्यातच आहे हे मामींनी सांगितलं, तेव्हा आता पत्रच बरं. चष्मा तरी तुम्ही न लाजता लावता.

काम सांगते. शाहूवाडीच्या डोंगरातलं आमचं मुलांचं शिबिर तुम्ही पाहिलंय. दिवाळीच्या सुट्टीत ऐंशी मुलं येणार. यंदाच्या पावसात वाटेवर झाडं आडवी झालीत आणि तंबूंच्या जागेवर वाळक्या फांद्या लोंबतायत. गेल्या वर्षी आमच्या एका स्वयंसेवकाने कुणाची तरी मशीन-करवत मागून आणली आणि चपला घालून कापाकापी केली. मी शेजारी उभी राहून देवाचं नाव घेत होते. आता आमचे अध्यक्ष हंबीरराव म्हणतात, रीतसर शिकलेल्यानेच करवत हातात घ्यायची. बरोबरच आहे. पण शिकवणार कोण? चाळीस वर्षं करवत चालवून दहाही बोटं शाबूत असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

शिकणारे सहा जण आहेत. त्यांत स्नेहल म्हणून एक मुलगी आहे, शाळेत खेळाची शिक्षिका. लहानपणी ती आमच्याच शिबिरात यायची. तिच्यासारखी माणसं तयार झाली तर मी मोकळी होईन. बावीस वर्षं झाली, मामा. आता तंबूची दोरी ओढतानासुद्धा वाटतं, ही शेवटची. दर वर्षी वाटतं आणि दर वर्षी पुन्हा ओढते.

येता का?

तुमची,
संयोगिता

---

आजरा
११ सप्टेंबर

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

येतो. वीस आणि एकवीस तारीख धर. माझं नारिंगी मशीन घेऊन येतो आणि तिकडेच ठेवून जातो. माझे गुडघे ते उचलायला आता तयार नाहीत.

सगळ्यांना सांग, बूट पाहिजेत. अंगात घट्ट कापड पाहिजे, ओढणी आणि उपरणं घरी. डोक्याला जाळीचं टोप, कानाला झाकण. माझे कान याच मशीनने खाल्लेत. आमच्या वेळी कापसाचा बोळा घातला तरी मुकादम हसायचा.

आणि एक गोष्ट तू स्वतः समजून घे, कारण मी कायम तिथे नसणार. पुढच्या हँडलसमोर एक काळी फळी असते. तो ब्रेक. करवतीचं नाक, म्हणजे पात्याचं टोक, कशाला अडकलं की मशीन माणसाच्या तोंडावर उसळतं. तेव्हा मनगट त्या फळीवर आपटतं, फळी पुढे पडते आणि साखळी जागच्या जागी थांबते. थांबली तर माणूस घरी जेवायला जातो. म्हणून मशीन पेटवायच्या आधी दर वेळी फळी ढकलून बघायची. खट्ट वाजलं पाहिजे. मला ते आता ऐकू येत नाही, मी डोळ्याने बघतो. तुमच्या पोरांना कान आहेत, त्यांनी ऐकावं.

मामी तुझ्यासाठी काजू देणार आहे. नको म्हणू नकोस, तिला राग येतो.

पिराजीमामा

---

कोल्हापूर
२ ऑक्टोबर, दसरा

ती. मामा,

सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आपट्याचं पान सोबत घातलंय.

तुम्ही जाऊन दहा दिवस झाले तरी पोरांच्या तोंडात तुम्हीच आहात. कागलच्या राजवर्धनचं हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र त्याला आधीच माहीत असतं. त्याला तुम्ही चपलांवरून परत पाठवलंत, तेव्हा मला फार बरं वाटलं. "पावणं, पाय घरात ठेवून आलायसा काय?" ही आता आमच्याकडे म्हणच झालीय. आणि शेवटच्या दिवशी तुम्ही स्नेहलकडे बोट करून म्हणालात, "हिला येतंय." एवढंच. तिने ते वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

काल खंडेनवमी केली. शिबिराच्या कोठीत सगळी हत्यारं मांडली, कुदळी, फावडी, कोयते, आणि मधोमध तुमचं मशीन. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. झेंडूचा हार मात्र त्याच्या अंगावर राहीना, सारखा घसरायचा. शेवटी मीच नायलॉनच्या दोऱ्याने बांधला. हँडल आणि पुढची फळी मिळून पाच वेढे दिले आणि गच्च गाठ मारली. आता पुढच्या दसऱ्यापर्यंत हलत नाही. फार देखणं दिसत होतं. फोटो काढलाय, पण तुमच्या बटणांच्या फोनवर तो यायचा नाही.

बारा तारखेच्या रविवारी सगळे जाऊन वाट मोकळी करणार आहोत. मी पण जाईन. अंग दुखतंय, पण माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. की माझंच त्यांच्याशिवाय हलत नाही, कोण जाणे.

संयोगिता

---

आजरा
९ ऑक्टोबर

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दोन-तीन दिवस लिहायला बसणं झालं नाही. भात पोटरीत आहे, कणसं बाहेर पडतायत, आणि रानडुकरं रोज येतायत. मामीचा खोकला आहे तसाच. गुडघ्याला तेल लावणं चालू आहे, तेल संपतं, गुडघा तसाच राहतो.

राजवर्धनला माझा राग आला असेल तर राहू दे. उथळ पाण्याला खळखळाट फार.

एक राहिलं. तो हार काप. फळी हँडलला बांधली म्हणजे ब्रेक मेला. पूजा झाली, देवाला पोहोचली, आता दोरा कात्रीने तोड आणि फुलं ओढ्यात सोड. वर्षभर वाळका हार मिरवायला ती मोटरसायकल नाही. स्नेहलच्या लक्षात येईलच, तरी तू आधी काढून ठेव.

पिराजीमामा

---

कोल्हापूर
१६ ऑक्टोबर

ती. मामा,

तुमचं पत्र अजून आलेलं नाही. वाट बघून मीच लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळायला नको.

रविवारी काम करताना स्नेहलला करवत लागली. डाव्या खांद्यावर, खोल. टोपाची जाळी फाटली पण चेहरा वाचला. आडव्या झाडाच्या आत एक फांदी दडलेली होती, तिला नाक अडकलं आणि मशीन उसळलं. साखळी थांबली नाही. राजवर्धनने स्वतःचा शर्ट दाबून धरला आणि आम्ही तिला जीपमधून खाली आणलं. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. हात पहिल्यासारखा वर जाईल का, हे कुणी सांगत नाही. खेळाची शिक्षिका आहे ती.

मला नीट दिसलं नाही. मी पाणी आणायला झऱ्यावर गेले होते.

हंबीरराव म्हणतात, मुलीने ब्रेक न बघता मशीन पेटवलं. दोन नोव्हेंबरला समितीची बैठक आहे. तिचं नाव कमी करायचं, यापुढे बायकांच्या हातात करवत द्यायची नाही, आणि तिच्या निष्काळजीपणाबद्दल शाळेला कळवायचं, असं घाटतंय. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. असं पत्र गेलं तर ती राहणार नाही. ती गुंगीत काहीबाही बोलते, "मॅडमना विचारलं होतं" म्हणते. काय विचारलं, ते तिलाही धड सांगता येत नाही.

शिबिर रद्द केलंय. तुम्ही तिला सगळं शिकवलं होतं, असं समितीला लिहून द्याल का? मशीन एस.टी.ने पाठवतेय, एकदा बघा.

संयोगिता

---

आजरा
२२ ऑक्टोबर, पाडवा

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

पोरीचं ऐकून तुझी मामी दोन दिवस नीट जेवली नाही. मी जेवलो, पण चव नव्हती.

मी तुला नऊ तारखेला लिहिलं होतं. पत्र दहाला पेटीत पडलं, म्हणजे बाराच्या आत तुला मिळणं शक्यच नव्हतं. ते गहाळ झालं असेल तर त्यात काय होतं ते सांगतो. हार काप, असं होतं. सोमवारी सहा तारखेला तुझं पत्र वाचतानाच मला ते कळलं होतं. तुझ्या मामीला नंबर लावता येत नाही. उठून शेजारच्या गुंडूकडे जायचं, त्याला तुझा नंबर लावायला सांगायचं आणि त्याच्या तोंडून निरोप द्यायचा, एवढंच काम होतं. गेलो नाही. मला फोनवर ऐकू येत नाही हे गुंडूला कळेल, त्याच्या घरात हसतील, म्हणून गेलो नाही. चार ओळी लिहायला तीन दिवस लावले आणि त्या रानडुकरांच्या खाली लिहिल्या.

मशीन काल मिळालं. ओट्यावर ठेवून पुसलं. हँडल स्वच्छ होतं, दोरा नव्हता. पण फळी जिथे हलते त्या फटीत झेंडूची एक वाळकी पाकळी निघाली, आणि करंगळीएवढा नायलॉनचा दोरा. त्याची एक बाजू कात्रीने कापलेली आहे. साखळीने तुटलेला दोरा पिंजतो, हा पिंजलेला नाही.

मी कुणाला काही लिहिलेलं नाही. तुला एकच विचारतो. पोरीने काय विचारलं होतं?

पिराजीमामा

---

कोल्हापूर
२७ ऑक्टोबर

ती. मामा,

तुमचं नऊ तारखेचं पत्र मला चौदा तारखेलाच मिळालं होतं. वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली सारलं. रोज भाकरी करताना तो डबा उचलावा लागतो.

मी झऱ्यावर गेले नव्हते. तिथेच होते, बाकीचे पलीकडे फांद्या ओढत होते. स्नेहलने टोप घातलं, बूट आवळले, मशीन खाली ठेवलं आणि तुम्ही शिकवलं तशी मनगटाने फळी ढकलली. ती हलली नाही. फुलं सुकून गळून गेली होती, नुसता दोरा राहिला होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ह्यो दोरा कापू काय? ब्रेक लागंना झालाय."

मी म्हणाले, "राहू दे गं. देवाचा हाय. एकच तर फांदी हाय."

एवढंच बोलणं झालं. मला काय वाटलं होतं, हे मी रोज स्वतःला विचारते. आपल्याकडे दसऱ्याचा हार कुणी तोडत नाही. गाड्यांना, मोटारींना, पिठाच्या चक्कीलासुद्धा तो गळून पडेपर्यंत राहतो. तोडला तर वर्ष वाईट जातं, असं आई म्हणायची. पण खरं सांगू? देवाचं भय तेव्हा मनातही नव्हतं. मी दमले होते. ऊन चढत होतं, अजून पाच झाडं बाकी होती, आणि कात्री शोधायला खाली कोठीपर्यंत चालत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. देवाचं नाव फक्त तोंडात होतं.

तिने माझं ऐकलं. आठव्या वर्षापासून ती माझंच ऐकत आलीय.

संध्याकाळी दवाखान्यातून परत वर गेले, म्हणाले सामान आवरते. तेव्हा दोरा कापला. त्या वेळी कात्री लगेच सापडली, मामा.

आता हंबीरराव तिला खोटं ठरवतायत आणि मी गप्प बसलेय. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. काल भेटायला गेले तर ती माझ्याकडे बघत राहिली. काही विचारलं नाही तिने. मला वाटलं होतं ती भांडेल.

बोलले तर शिबिर जाईल माझ्या हातातून. दुसरं काय आहे मला? बावीस वर्षं मीच म्हणत होते, यातून सुटायचंय. आता सुटायची वेळ आली तर हात सुटत नाहीत. तुम्ही सांगा काय करू.

संयोगिता

---

आजरा
३० ऑक्टोबर

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

काय करू ते मी सांगणार नाही. ते तुला माहीत आहे, म्हणून तर तू मला एवढं लांब लिहिलंस.

मी माझ्यापुरतं केलं. सोबत समितीच्या नावाने कागद आहे. पोस्टाने बैठकीच्या आत पोहोचायचं नाही, म्हणून पाकीट एस.टी.च्या कंडक्टरकडे देतोय. बैठकीला मी येऊन बसलो तरी कोण काय बोलतंय ते मला कळणार नाही, मी नुसता मान हलवीन आणि भलत्याच गोष्टीला होकार जाईल. म्हणून लिहून दिलंय:

"अध्यक्ष व सभासद यांस. मी पिराजी खोराटे, करवत शिकवणारा. ब्रेकच्या फळीला हार बांधलाय, हे मला सहा तारखेला पत्रातून कळलं होतं. बारा तारखेच्या आत मी कळवलं नाही. शेजाऱ्याच्या फोनवरून कळवता आलं असतं, पण बहिरेपण लपवायचं म्हणून गेलो नाही. चूक माझी आहे. स्नेहलला मी शिकवलंय. तिने फळी बघितलीच असणार, आणि अडकलेली दिसल्यावर विचारलंही असणार. न विचारता पुढे जाणारी ती नाही. शाळेला काही कळवायचं असेल तर हे कळवा."

पाकळी आणि दोरा याच पाकिटात आहे. यात तुझं नाव मी कुठे घातलेलं नाही. तुला वाचवायला नव्हे. ते तुझं तू घालायचंस.

तुझी आई, माझी बहीण, हार तोडू नये म्हणायची हे खरं. पण बैलाच्या गळ्यात बेंदराच्या माळा रुतायला लागल्या की पहिली तीच कोयता घेऊन उठायची. ते तू विसरलीस.

दमली असशील. मी पण दमलोय. दमलेल्या माणसांनीच हे केलं, म्हणून ते लहान होत नाही.

पिराजीमामा

---

कोल्हापूर
४ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचा कागद मी मोठ्याने वाचला. नंतर पाकळी आणि दोरा टेबलावर ठेवला आणि उरलेलं सांगितलं. झऱ्याचं, कात्रीचं, पिठाच्या डब्याखालच्या पत्राचं. आवाज कापला नाही, याचंच मला नवल वाटलं.

मग हंबीरराव म्हणाले, "संयोगिताताई, कशाला बोललासा हे? झाकलं गेलं असतं की." ते वाईट मनाने म्हणाले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तीन आठवडे मीही असंच झाकत होते.

ठराव झाला. स्नेहलकडे चूक नाही असं लेखी देणार. शाळेला पत्र जाणार, पण ते तिच्या बाजूने. बायकांवरच्या बंदीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. शिबिरप्रमुख म्हणून माझं नाव कमी झालं. काढा असं मीच आधी म्हणाले होते, तरी त्यांनी हात वर केले तेव्हा मी एकेक हात मोजत राहिले.

स्नेहल आली होती, हात गळ्यात अडकवून, आईबरोबर. सगळं ऐकून घेतलं. बाहेर पायरीवर मी तिच्यासमोर उभी राहिले. माफ कर म्हणायचं ठरवून आले होते, पण त्याआधी तीच बोलली. अगदी हळू.

"मॅडम, मी विचारलेलं की तुम्हाला. सगळी न्हाय न्हाय म्हणत होती. तुम्ही पण गप होतासा. मग मलाच वाटाय लागलं, मी मनातल्या मनातच विचारलं असंल. तोंडातनं आवाजच आला नसंल."

मी तिला म्हणाले, "आवाज आला होता. मी ऐकला होता." ती मान हलवून आईबरोबर रिक्षात बसली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही ते मागायचं सोडून दिलं.

करायला गेले एक. पुढचं तुम्हाला माहीत आहे. काल कोठीच्या किल्ल्या देऊन आले. रात्री खूप दिवसांनी झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर पुन्हा सगळं आठवलं.

संयोगिता

---

आजरा
१८ जानेवारी २०२६

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

काल स्नेहल येऊन गेली. आईला घेऊन एस.टी.ने आली. कळवलं नव्हतं. तुझ्या मामीने चहा टाकला, काजू पुढे ठेवले. पोरगी बसली नाही. म्हणाली, "मामा, मशीन बघायचंय."

हात खांद्याएवढाच वर जातो. त्याच्या वर नेला की चेहरा आवळते. शाळेत मात्र तिला ठेवून घेतलंय. मुलांना आता ती शिट्टीवर शिकवते, एवढंच सांगितलं. तुझ्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मी मशीन ओट्यावर आणलं. दुरुस्त केलंय, फळी नवी बसवलीय. आणि आत जाऊन डबा उघडला, कानाचं यंत्र काढून लावलं. तुझी मामी बघत राहिली. पहिल्यांदा नुसता गोंगाट, चुलीतलं लाकूड फुटत होतं तेसुद्धा कानात घुसलं. पोरगी मात्र कशाची घाई करत नव्हती. बराच वेळ मशीनसमोर नुसती उकिडवी बसून होती. हात जवळ न्यायची, मागे घ्यायची. तिची आई म्हणाली, चल, राहू दे. ती हलली नाही.

मग तिने डावं मनगट फळीवर ठेवलं आणि ढकललं.

फळी पडली. ती तशीच, मान खाली घालून, मला म्हणाली, "वाजलं न्हवं? तुम्ही ऐकलं न्हवं?"

मी म्हणालो, "ऐकलं, बाळ."

तिने फळी मागे घेतली आणि परत ढकलली. परत विचारलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. दर वेळी तिने विचारलं आणि दर वेळी मी ऐकलं म्हणून सांगितलं.

पिराजीमामा